दिगूमामाने आणलेले बेडूक

आमच्या घरात पहिला बेडूक आला तो दिगूमामाच्या मोज्यातून. दिगूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर खलाशी होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर असायचा आणि सुट्टी मिळाली की गावाला जाण्याआधी चेंबूरला आमच्याकडे उतरायचा, कारण आईच्या हातचं जेवल्याशिवाय आपण जमिनीवर आलो असं त्याला वाटतच नसे. त्याने बॅग उघडली की परदेशी साबणाचा आणि डांबराचा एकत्र वास दोन्ही खोल्यांत पसरायचा. मग एकेक वस्तू निघायची. आईला पावडरचा डबा, बाबांना दाढीचं सामान. त्या खेपेला त्याने माझ्या हातात एक जाड लोकरी मोजा ठेवला आणि म्हणाला, "नंदा, हात घाल गो आत. चावूचो नाय." आत तळहाताएवढी चपटी डबी होती. करडी काच, खाली दोन बटणं. बटण दाबलं तसा काचेवर एक काळा बेडूक उमटला, टिक् असा बारीक आवाज झाला, आणि माझं बालपण मला न विचारताच एका निराळ्या गल्लीत वळलं.

खेळ साधा होता. बेडकाने आधी मोटारींचा रस्ता ओलांडायचा, मग नदी. नदीत लाकडाचे ओंडके वाहत येतात, त्यांच्यावर उड्या मारत पलीकडच्या काठावरच्या बिळात शिरायचं. पण त्या ओंडक्यांमध्ये मधूनच एखादी मगर असते. तिच्या पाठीवर पाय पडला की बेडूक संपला. एवढंच. एवढ्यावर मी उन्हाळ्याच्या अख्ख्या सुट्ट्या काढल्या आहेत.

आमचं घर हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते औषधांच्या एका गोदामात कामाला जात. आई बालवाडीत शिकवायची. ती दुपारी परत आली की तिच्या पदराला खडूची पूड असे, आणि पंख्याखाली बसून ती पदर झटके तेव्हा उन्हाच्या पट्ट्यात ती पूड तरंगत राही. घरात आवाज नेहमीचेच. बिडाच्या तव्यावर घावण टाकल्यावर होणारा चर्र, खालच्या मजल्यावरचा मिक्सर, बाबांचा रेडिओ, आणि वारा फिरला की देवनारच्या कचरा डेपोकडून येणाऱ्या वासाबरोबर खिडक्या लावून घेतल्याचे एकामागून एक खटके. या सगळ्यांत बेडकाची टिकटिक मिसळून गेली. आईला ती ऐकूच येईनाशी झाली. सेल संपून आवाज थांबला की उलट ती आतून विचारायची, "काय गं, झोपलीस की काय?"

पुढच्या सुट्टीत मामाने दुसरा बेडूक आणला. मी पहिल्यावर इतकी लुब्ध होते, म्हणून त्याने कुठल्याशा बंदरात मुद्दाम शोधला होता. दुकानदाराला भाषा कळेना, तेव्हा मामाने काउंटरवर बोटांनी उड्या मारून दाखवल्या आणि घशातून डराव डराव केलं, असं तो सांगे. आई हसून हसून डोळे पुसायची. हा दुसरा बेडूक टेबलावर ठेवायच्या छोट्या यंत्रात होता. दिसायला एखाद्या बुटक्या टीव्हीसारखा, आणि आतली चित्रं काळी नव्हती, उजेडाची होती. निळसर हिरव्या उजेडाचा बेडूक अंधारातून उडी मारायचा. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी तो सुरू करी, तेव्हा माझ्या हातांवर समुद्राच्या तळाशी असावा तसा प्रकाश पडे.

तेव्हापासून मला ती खोड लागली. दोन्ही बेडूक शेजारी ठेवायचे आणि बघत बसायचं. हातातला बेडूक खरं म्हणजे उडी मारतच नव्हता. तो एका जागी विझायचा आणि दुसऱ्या जागी उमटायचा, मधली उडी आपण मनात मारायची. टेबलावरच्याला उडी होती पण पाय नव्हते. हातातल्याची मगर जबडा वासून यायची, दात दिसायचे. टेबलावरच्या मगरीची शेपटी हलायची. एकच गोष्ट दोन जणांनी सांगावी आणि दोघांनी वेगळं काही गाळावं, तसं ते होतं. आणि या दोघांनी जिची नक्कल केली ती मूळ गोष्ट कुठेतरी होती. मामा सांगे, परदेशात कपाटाएवढी यंत्रं असतात, माणसं त्यांच्यासमोर उभी राहून खेळतात, आणि हा बेडूक मूळचा तिथला. त्यात नदी खरी निळी असते, मोटारी झपझप जातात, गाणं वाजतं. मी ते कपाट डोळ्यांसमोर आणत झोपी जायची.

आजही लोक मला त्या मूळ खेळाबद्दलच विचारतात. मुलुंडच्या माझ्या घरात आता दोन कपाटं भरून ही यंत्रं आहेत. विमानांचे खेळ, विटा फोडायचे खेळ, किड्यांच्या रांगा पाडायचे खेळ, एकेका खेळाच्या चार-चार, पाच-पाच आवृत्त्या. तरुण मुलं बघायला येतात, जपून हाताळतात, आणि जाताना हमखास विचारतात, "मॅडम, मूळ खेळाच्या सगळ्यांत जवळ कुठली?" मी त्यांना काहीतरी सांगते. पण मला स्वतःला जवळच्या आवृत्तीपेक्षा हुकलेली जास्त आवडते. बनवणाऱ्याकडे जागा नव्हती, रंग नव्हते, तरी त्याने बेडूक पलीकडे न्यायचा प्रयत्न केला, हे तिच्यात दिसतं.

तिसरा बेडूक कॅसेटमधला. टीव्हीला जोडायचं यंत्र मामाने बॅगेतल्या कपड्यांच्या मधोमध ठेवून आणलं होतं. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी दारांचा. बाबा बातम्यांना बसेपर्यंत तो आमचा. ही आवृत्ती फारच हुकलेली निघाली. बेडूक म्हणजे एक चौकोन, आणि ओंडके म्हणजे लांबट पट्ट्या. मगरही तशीच लांबट पट्टी. ना जबडा, ना शेपटी. करड्यावर करडं. पाय कुठे टाकावा काही कळायचंच नाही. मी बुडायची, मामाही बुडायचा. एरवी हातातल्या खेळावर तो असा तरबेज की एकीकडे आईशी गावच्या गजाली करत, काचेकडे अर्धंच लक्ष देत, बेडकामागून बेडूक पार करी. या कॅसेटवर मात्र आम्ही दोघं सारखेच कच्चे. "गंडवल्यान दुकानदारान," मामा म्हणाला. "सगळे ओंडके एकसारखे. मगर ओळखूची कशी?" आम्ही ती कॅसेट वाईट ठरवून टाकली आणि बाजूला ठेवली.

मग त्या वर्षीच्या मे महिन्यात चेंबूर स्टेशनजवळ सायकलच्या दुकानावर व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं. मुली तिथे जात नसत. कुणी जाऊ नका म्हणत नव्हतं, पण जात नसत. मामा तेव्हा सुट्टीवर होता, आणि या खेपेला त्याचं लग्नाचं चाललं होतं. कुडाळकडचं स्थळ होतं. मुलीच्या वडिलांना जहाजावर सुकाणू धरणारा जावई फार पसंत पडला होता. मामाला नुकतंच ते काम मिळालं होतं, कपडे धुवावेत तशी रोज डेक धुणारा माणूस आता पाळीने सुकाणूवर उभा राहायचा. आई शेजारणींना हे सांगताना हाताने चाक फिरवून दाखवी. मी मामाला म्हटलं, "मला पार्लरमध्ये ने ना." तो म्हणाला, "चल."

लोखंडी जिन्याने वर गेलो. आत पडदे ओढलेले, दुपार असून संध्याकाळ. आणि भिंतीशी ती कपाटं उभी. मी त्यांच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की पहिल्यांदा पाहताना मला ओळखीची माणसं भेटल्यासारखं झालं. तिसरं बेडकाचं होतं. नदी खरोखरच निळी होती, काळजात उतरेल अशी निळी. मोटारी तांबड्या, पिवळ्या. बेडूक हिरवा, त्याला चारही पाय, आणि उडी मारताना तो ते मागे ताणायचा. माझ्या बेडकांनी गाळलेलं सगळं इथे होतं. गाणं इतकं उडतं की पोरं पायाने ठेका धरून उभी. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. मामाने पाठीवर थाप मारली तेव्हा भानावर आले.

मी खेळले. ओंडके तपकिरी होते, मगरी हिरव्या. जबडा उघडला की दात दिसत, पण जबडा मिटलेला असताना ओंडका आणि मगर आकाराने एकसारखेच. मला रंगाने लगेच कळायचं. मी पहिल्याच खेपेला दोन बेडूक पलीकडे नेले. मग मामा उभा राहिला. रस्ता त्याने मजेत ओलांडला. नदीत उतरला आणि थेट मगरीच्या पाठीवर. दुसरा बेडूक, पुन्हा मगर. तिसराही.

"मुद्दाम हरतोयस ना?" मी विचारलं.

"नाय गो," तो म्हणाला. पडद्याकडेच बघत होता. "हात बसूक नाय अजून."

घरी येताना मी फुरंगटले होते. मला वाटलं, मला जिंकवायला तो हरतोय, आणि तसं जिंकणं मला नको होतं. आम्ही आणखी दोनदा गेलो. प्रत्येक वेळी रस्ता पार, नदीत घात. घरी आल्यावर मात्र हातातली डबी घेऊन तोच माणूस चहात खारी बुडवत, डोळे अर्धे मिटून, मगरींना हुलकावण्या देत खेळे.

मूळ खेळ बघितल्यावर मला आता त्या टाकून दिलेल्या कॅसेटचं कुतूहल वाटायला लागलं. तिच्यातही रंग असतील, आमच्या टीव्हीवर दिसत नसतील. समोरच्या कांबळेकाकूंकडे रंगीत टीव्ही होता. काकू टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या आणि रविवारी घरी असत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली तो टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल. मी आणि मामा यंत्र घेऊन गेलो. काकूंनी रुमाल काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "बघू तरी तुझा बेडूक." जोडणी झाली, चित्र आलं, आणि मला हसूच फुटलं. त्या भिकार कॅसेटमध्ये सगळं होतं. ओंडक्यांच्या पट्ट्या तपकिरी, मगरींच्या पट्ट्या हिरव्या. मी सरसर पलीकडे गेले. काकूंनी चहाचे कप बाजूला ठेवून स्वतः खेळून पाहिलं. त्या आयुष्यात पहिल्यांदा खेळत होत्या, मोटारीखाली सापडल्या, पण नदीत पोहोचल्या तेव्हा हिरव्या पट्टीवर त्यांनी पाय टाकला नाही. "ती मगर ना? मग कशाला जाऊ तिकडे," म्हणाल्या.

मग मामा खेळला. आणि तो अगदी तसाच बुडाला जसे आम्ही दोघं आमच्या घरी बुडायचो. तसाच ओंडक्यापुढे थबकला, तसाच अंदाजाने पाय टाकला. माझी खोड तुलना करायची. मी न ठरवता तुलना करत होते. आमच्या टीव्हीवर मी बुडले होते, इथे नाही. मामा तिथेही बुडला, इथेही. मामाला कांबळेकाकूंच्या रंगीत टीव्हीवरही आमचा काळा-पांढरा टीव्हीच दिसत होता.

संध्याकाळी मामा गच्चीवर बिडी ओढायला गेला तेव्हा मागोमाग गेले. आमच्या गच्चीवरून रिफायनरीची चिमणी दिसे, तिच्या टोकाला कायम एक ज्योत जळत असे, आणि दिवस मावळताना आकाश त्या ज्योतीसारखंच होऊन जाई. गच्चीच्या कठड्यावर कुणीतरी दोन उशांचे अभ्रे वाळत घातले होते, एक मेंदी रंगाचा, एक विटकरी.

"मामा, त्यातला हिरवा कुठला?"

त्याने अभ्र्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बिडी कठड्यावर विझवली. खोटं बोलायला त्याला भरपूर वेळ होता, पण तो बोलला नाही.

"कधी कळला तुका?"

"आज. काकूंकडे."

"आवशीक सांगलंस?"

"आईला? नाही."

तो खाली मांडी घालून बसला. जहाजावर लागण्याआधी डॉक्टर डोळे तपासतो, त्याने सांगितलं. ठिपक्यांची चित्रं असतात, त्यातले आकडे ओळखायचे. मामाला ते आकडे कधीच दिसले नव्हते. पहिल्यांदा गेला तेव्हा रांगेत पुढच्या माणसाची उत्तरं ऐकून पाठ केली, आणि तेव्हापासून तीच म्हणत आला. लहानपणापासून असंच होतं. पिकलेली मिरची कुठली आणि कच्ची कुठली हे तो हात लावून सांगे, घरच्यांना वाटे पोरगा खेळतोय.

"पण आता तू सुकाणू धरतोस ना?" मी म्हटलं. त्यानेच मला एकदा शिकवलं होतं, जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. अंधारात समोरच्या जहाजाचा कुठला दिवा दिसतो त्यावरून ते कुठे चाललंय ते समजतं. "दिवे कसे ओळखतोस?"

"साहेब असता बाजूक. तो सांगता तसा फिरवतंय." मग खालच्या आवाजात, "आणि पाळयेक एकटो असलंय तर अदमासान."

"अंदाजाने? पार्लरमध्ये खेळतोस तसा?"

मी तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हते. मोठ्यांना कसं सांगावं, किती सांगावं, मला ठाऊक नव्हतं. मला जे दिसत होतं तेच मी बोलले. "मामा, तिकडे बेडूक मेला तर दुसरा येतो. जहाजावर किती माणसं असतात रे?"

पुढचे काही दिवस घरात डबीची टिकटिक नव्हती. मामा सकाळी बाहेर पडे, मालाडला एका जुन्या खलाशी मित्राकडे जाऊन बसे, जेवायला येई, लगेच उठे. आईला वाटलं लग्नाचं दडपण असेल. मी तिला सांगावं की नाही याने माझी झोप उडाली होती, आणि त्याचबरोबर एक विचित्र ओलावा होता मनात, की हे जगात आम्हा दोघांनाच माहीत आहे. मग एका दुपारी मामा आला तो हातपाय न धुताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आई बांगडे साफ करत होती.

"ताई, मी डॉक्टराकडे गेल्लंय," तो म्हणाला. "ह्या खेपेक पाठ केलेला नाय सांगलंय. दिसता ताच सांगलंय."

"म्हणजे? काय दिसता?" आईने विचारलं.

"काय एक नाय."

त्याने तिला सगळं सांगितलं. सुकाणूचं काम गेलं होतं. डेकवरचंही गेलं. जहाजावर राहायचं असेल तर स्वयंपाकाच्या खोलीत मदतनीस म्हणून, सगळ्यांत खालच्या पायरीपासून. आई उठली, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. "सुकाणू धरणारो माणूस आता कांदे सोलतलो," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात कुडाळचं स्थळ मोडल्याचा निरोप आला. आईने भावाशी बोलणं सोडलं. ताट वाढायची, पण ताटाशी बोलल्यासारखी. बाबांनी एकदा मध्ये पडून पाहिलं, "अगं, कुणी बुडण्यापेक्षा बरं ना," म्हणाले, तर तिने त्यांच्याशीही दोन दिवस अबोला धरला. तिचा राग कशावर होता हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. मिरच्यांच्या वाफ्यात उभा असलेला लहान दिगू तिने पाहिला होता, आणि तिलाही कळलं नव्हतं.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याने चित्रातलं झाड तपकिरी पानांचं आणि हिरव्या खोडाचं रंगवून आणलं. मी ते हातात घेऊन बराच वेळ उभी होते. डॉक्टरांनी सांगितलं की हे रंगांधळेपण आईकडून मुलाकडे येतं, मामाचं भाचीच्या मुलाकडेही पोचतं. तो आज चांगला मोठा झाला आहे, रंगांचा जिथे संबंध नाही अशा कामात रमला आहे. आम्ही खडूंवर रंगांची नावं लिहून दिली आणि पुढे चाललो. किती सोपं असतं, कुणाला ठाऊक असलं की.

त्या सुट्टीच्या शेवटी मामाला जहाजावरून बोलावणं आलं, स्वयंपाकाच्या खोलीत मदतनीस म्हणून. जायच्या आदल्या दिवशी सकाळी तो स्वतः बाजारात जाऊन कोलंबी घेऊन आला आणि आईला न विचारता ओट्याशी उभा राहिला. कांदा कापला, खोबरं भाजलं, वाटण पाट्यावर वाटलं. आई बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती, निवडलेलेच पुन्हा निवडत होती. मी दारात. टोपात तेल तापलं, वाटण पडलं, धूर आणि ठसका. मामा पळीने ढवळत राहिला, वाकून बघत राहिला, आणि शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "नंदा, रंग इलो काय गो?"

मी पुढे होणार तेवढ्यात आई उठून आत आली.

"तिका काय विचारतंस?" ती म्हणाली. इतक्या दिवसांत त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "ती काय जहाजार येतली तुझ्याबरोबर? डोळे मीट."

मामाने डोळे मिटले.

"आता वास घे. कच्चो येता?"

"येता."

"मगे थांब. ढवळ नुसतो."

त्याने डोळे मिटून ढवळलं. आई त्याच्या बाजूला उभी राहिली, पदराने तोंडावरचा घाम टिपत. वाटण टोपात खुदखुदत होतं, मग तो आवाज बदलला, बारीक झाला, आणि खमंग वास जिन्यापर्यंत गेला. मामा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "झाला, ताई."

आईने वाकून बघितलं. मग तिने कोलंबीचं भांडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.